साध्या गाठीतल्या खुणा : स्तनाची निरुपद्रवी ऊती, कर्करोगाचा धोका आणि डहाणू-तलासरी

स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. विशी-तिशीतल्या स्त्रियांमध्ये ती बहुधा फायब्रोअॅडिनोमा असते : गोल, रबरासारखी, बोटाखालून सटकणारी. चाळिशीच्या आसपास पाण्याने भरलेल्या सिस्ट आणि पाळीआधी दुखणारा गुठळीदार भाग जास्त आढळतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून गाठ होते, कधी गळू होते. भारतात क्षयरोगानेही स्तनात गाठ येते आणि ती वरवर पाहता कर्करोगासारखी भासते. या साऱ्या गाठी वैद्यकाच्या भाषेत ‘बिनाइन’, म्हणजे शरीरात न पसरणाऱ्या. मात्र अशा निरुपद्रवी ठरलेल्या ऊतीच्या थोड्या नमुन्यांत पुढच्या दहा-वीस वर्षांतल्या कर्करोगाची चाहूल असते. ही चाहूल पेशींतली जनुके आणि प्रथिने तपासून आधीच ओळखता येईल का, या प्रश्नावर काही दशके संशोधन चालू आहे. त्यातले जवळपास सगळे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या स्त्रियांच्या ऊतीवर झालेले आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या गुजरात सीमेवरच्या तालुक्यांत त्यातले किती लागू पडते, हे तपासण्यासाठी आधी ते संशोधन कशावर उभे आहे हे पाहावे लागते.

पाया सूक्ष्मदर्शकाचा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथल्या विल्यम ड्युपाँ आणि डेव्हिड पेज यांनी बिनाइन निदान झालेल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्या आणि त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात पेशींची जादा वाढ नव्हती. सुमारे ७० टक्के नमुने या गटातले होते. दुसऱ्यात दुग्धनलिकांच्या अस्तरात पेशींचे थर वाढलेले होते, पण पेशी आणि त्यांची मांडणी नेहमीसारखीच होती. हे २६ टक्के. उरलेल्या ४ टक्क्यांत वाढही होती आणि मांडणीही बिघडलेली होती. या तिसऱ्या अवस्थेला अॅटिपिकल हायपरप्लेझिया, थोडक्यात अॅटिपिया, म्हणतात, आणि धोक्याची खरी वाढ तिथेच दिसली. २००५ मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या लिन हार्टमन आणि सहकाऱ्यांनी ९,०८७ स्त्रियांच्या पाठपुराव्यातून हेच चित्र अधिक नेमके केले. सर्वसाधारण स्त्रियांच्या तुलनेत पहिल्या गटाचा धोका १.२७ पट, दुसऱ्याचा १.८८ पट आणि अॅटिपियाच्या गटाचा ४.२४ पट निघाला. मेयोच्याच पुढच्या अभ्यासात अॅटिपिया असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना २५ वर्षांत स्तनाचा कर्करोग झाला. तो नेहमी गाठ काढलेल्या बाजूलाच झाला असेही नाही. काहींना दुसऱ्या स्तनात झाला. म्हणजे अॅटिपिया ही त्या जागी रुजलेली बीजावस्था असू शकते, तशीच दोन्ही स्तनांतली ऊती बदलू लागल्याची खूणही असू शकते.

रेणूपातळीवरच्या खुणांची गरज इथूनच निर्माण होते. ३० टक्क्यांना कर्करोग होतो याचा अर्थ ७० टक्क्यांना होत नाही. स्लाइडवर दोघींची ऊती सारखीच दिसते. त्यांना वेगळे ओळखायचे तर डोळ्यांना न दिसणारे काहीतरी मोजावे लागते.

सुरुवात प्रथिनांपासून झाली, कारण मेणात जपलेल्या ऊतीच्या जुन्या ठोकळ्यांवरही, म्हणजे पॅराफिन ब्लॉकवरही, ती रंगवून पाहता येतात. १९९८ मध्ये कॅनडाच्या स्तन-तपासणी पाहणीतल्या नमुन्यांवर थॉमस रोहन यांच्या गटाने पी-५३ हे प्रथिन तपासले. बिनाइन ऊतीत ते साठलेले असेल तर पुढच्या कर्करोगाची शक्यता सुमारे अडीचपट दिसली; त्याच अभ्यासात हर-२ प्रथिनाचा असा संबंध दिसला नाही. अॅटिपियाच्या २३५ नमुन्यांवर मेयोच्या गटाने २००८ मध्ये कॉक्स-२ हे दाहाशी निगडित विकर तपासले. त्याचा रंग फिका असलेल्या स्त्रियांत धोका सर्वसाधारणाच्या सुमारे अडीचपट होता, तर गडद असलेल्यांत साडेपाचपटीच्या वर. पेशींच्या विभाजनाचा वेग दाखवणारे केआय-६७ आणखी एक गोष्ट शिकवून गेले : अॅटिपियात त्याचे प्रमाण जास्त असेल तर पहिल्या दहा वर्षांतला धोका वाढलेला दिसतो, त्यानंतरच्या काळाबद्दल ते काही सांगत नाही. रेणवीय खुणेलाही मुदत असते, हा मुद्दा या क्षेत्रात जेवढा ठसायला हवा तेवढा ठसलेला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवरची खूण आजच्या स्तनाबद्दल बोलते असे गृहीत धरता येत नाही.

जनुकांच्या पातळीवर चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. अॅटिपियात आणि कमी दर्जाच्या कर्करोगात १६व्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा गळालेला आणि पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा वाढलेला सापडतो; दोन्ही एकाच वाटेवरचे टप्पे असल्याचा हा चांगला पुरावा आहे. दूध तयार करणाऱ्या खंडिकांमधल्या अॅटिपियात पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हरवलेले असते. उलट पीआयके-३सीए या जनुकातले बदल स्तनाच्या कर्करोगात नेहमी आढळत असले, तरी साध्या, निरुपद्रवी वाढीतही ते सर्रास सापडतात. फायब्रोअॅडिनोमाबाबत सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की ९८ पैकी ५८ गाठींत मेड-१२ या जनुकात बदल असतो. हा बदल गाठ कशी तयार होते हे सांगतो. ती कर्करोगाकडे जाईल असे त्यातून निघत नाही. ‘कर्करोगात सापडणारा बदल बिनाइन गाठीत सापडला’ या वाक्याला म्हणूनच एकट्याने काही किंमत नाही. डीएनएवर चढणाऱ्या मिथिल गटांचाही, विशेषतः आरएएसएसएफ-१ए आणि एपीसी या जनुकांवरच्या, अभ्यास झाला. जास्त धोक्याच्या स्त्रियांच्या निरोगी दिसणाऱ्या पेशींत हे गट अधिक आढळले. तिथेही धोका मोजला गेला तो बहुतेक वेळा गणिती सूत्रावरून. त्या स्त्रियांना पुढे प्रत्यक्ष कर्करोग झाला का, हे पाहणारे अभ्यास थोडे आहेत.

जपानमध्ये क्योटोच्या सेइशी ओगावा यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेला अभ्यास या सगळ्यापेक्षा वेगळ्या दिशेने आला. कर्करोग आणि त्याच्या शेजारची बिनाइन ऊती यांचे जनुकीय वंशवृक्ष त्यांनी मांडले. पहिल्या आणि सोळाव्या गुणसूत्राची अदलाबदल असलेल्या रुग्णांत हा पहिला बदल वयात येण्याच्या काळात ते किशोरवयाच्या अखेरीपर्यंत घडला होता, आणि कर्करोग मात्र काही दशकांनी दिसला. निरोगी पेशीत रजोनिवृत्तीपूर्वी दरवर्षी सुमारे २० आणि नंतर सुमारे ८ बदल साठत होते; बाळंतपण झालेल्या स्त्रियांत ही संख्या कमी होती. अशा कर्करोगाची सुरुवात चाळिशीत नव्हे, पंधरा-वीस वर्षांच्या वयात शोधावी लागते, हे या अभ्यासाने ठळक केले.

एवढे असूनही बिनाइन ऊतीवरची कोणतीही रेणवीय चाचणी आज नेहमीच्या उपचारात वापरली जात नाही. त्याची कारणे लपलेली नाहीत. अॅटिपियाचे नमुने मुळातच थोडे, त्यातून कर्करोग झालेल्या स्त्रिया आणखी थोड्या; शंभराच्या आतबाहेरच्या घटनांवर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या शहरात टिकत नाही. रंगाची गडद-फिकी पातळी प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळी ठरते. जुने नमुने वेगवेगळ्या पद्धतीने जतन झालेले असतात. धोका दुप्पट असणे आणि एकेका स्त्रीचे भाकीत करता येणे यांत मोठे अंतर आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मोजणारे गेल यांचे प्रसिद्ध सूत्र मेयोच्या अॅटिपिया असलेल्या ३३१ स्त्रियांवर तपासले, तेव्हा कोणाला कर्करोग होईल आणि कोणाला नाही हे ओळखण्यात ते नाणेफेकीपेक्षा सरस ठरले नाही.

त्यामानाने एक साधी खूण भक्कमपणे टिकली आहे, आणि तिला जनुकशास्त्राची प्रयोगशाळा लागत नाही. वय वाढते तसतशा स्तनातल्या दूध तयार करणाऱ्या खंडिका आकसत जातात. मेयोच्या ८,७३६ स्त्रियांच्या २००६ मधल्या अभ्यासात ज्यांच्या खंडिका अजिबात आकसल्या नव्हत्या त्यांचा धोका १.८८ पट, अर्धवट आकसलेल्यांचा १.४७ पट आणि पूर्ण आकसलेल्यांचा ०.९१ पट, म्हणजे सर्वसाधारणापेक्षाही थोडा कमी होता. गाठीभोवतीच्या साध्या ऊतीकडे पाहून पॅथॉलॉजिस्ट ही नोंद करू शकतो. प्रत्यक्षात अहवालात ती क्वचितच येते.

आता डहाणू आणि तलासरी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके. २०११ च्या जनगणनेत डहाणूची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख होती; तलासरीत दहांपैकी नऊ माणसे अनुसूचित जमातींतली, त्यांत मुख्यतः वारली. किनाऱ्यावर मांगेला आणि माच्छी, बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत पारशी आणि इराणी, बाजारपेठेत गुजराती व्यापारी. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घडवणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे पहिल्या बाळंतपणाचे वय, मुलांची संख्या, अंगावर पाजण्याचा काळ, आहार आणि वजन, या समाजांत एकमेकांहून फार वेगळ्या आहेत.

बाळंतपणाचा मुद्दा इथे मध्यवर्ती आहे. पहिले मूल अठराच्या आत झालेल्या स्त्रीचा धोका पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या स्त्रीच्या एक तृतीयांश असतो, हे ब्रायन मॅकमॅहन यांच्या १९७० मधल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार दर बाळंतपणामागे धोका ७ टक्के घटतो आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्के. लवकर लग्न, एकापाठोपाठ मुले आणि मूल चालू-बोलू लागले तरी अंगावर पाजणे ही रीत असलेल्या पाड्यांवर त्यामुळे मूळ धोकाच कमी असणार. कमी वयात लादलेले आईपण ही अर्थातच आरोग्याची गोष्ट नव्हे. त्यातून येणारा रक्तक्षय, कमी वजनाची बाळे आणि मातामृत्यू यांपुढे हा लाभ काहीच नाही, आणि लग्नाचे वय वाढायलाच हवे. ते वाढेल तसा स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढेल. त्यासाठी आरोग्यव्यवस्थेने आतापासून तयार असावे लागेल.

महाराष्ट्रातल्या नोंदींतही हाच फरक दिसतो. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला पहिली ग्रामीण नोंदणी आली. बार्शीकडचा स्तनाच्या कर्करोगाचा दर मुंबईच्या साधारण निम्मा किंवा त्याहून कमी राहिला आहे. मुंबईच्या नोंदीत पारशी स्त्रियांमध्ये हा कर्करोग इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आढळला; उशिरा होणारी लग्ने आणि थोडी मुले हे त्यामागचे एक मानले गेलेले कारण. एकाच तालुक्यात, एका वाडीची मालकीण आणि तिथे चिकू तोडणारी मजूर यांचा मूळ धोका असा दोन टोकांना असू शकतो. दोघींच्या गाठीत अॅटिपिया निघाला आणि दोघींना ‘धोका चौपट’ असे सांगितले, तर ते वाक्य दोघींसाठी वेगवेगळे असते. ज्या संख्येची चौपट करायची ती संख्याच वेगळी आहे. मेयोचा ३० टक्क्यांचा आकडा तलासरीतल्या बाईला जसाच्या तसा सांगणे म्हणजे तिला विनाकारण घाबरवणे होय. डेट्रॉइटमधल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांवरच्या अभ्यासात अॅटिपियाने धोका वाढतो हे दिसले, म्हणून दिशा सगळीकडे तीच आहे असे मानायला आधार आहे. किती वाढतो, हे मात्र त्या-त्या समाजातच मोजावे लागते. वजनाबाबतही असेच झाले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१६ मधल्या अभ्यासात भारतीय स्त्रियांत एकूण वजनापेक्षा पोटाभोवतीची चरबी हा धोक्याचा अधिक भरवशाचा निर्देशक ठरला, आणि तो रजोनिवृत्तीच्या आधी व नंतर दोन्ही काळांत.

मोजायचे तर ऊती हवी, आणि अडचण तिथेच आहे. देशात ३० ते ४९ वयाच्या एक टक्क्याहून कमी स्त्रियांनी कधी स्तनाची तपासणी करून घेतली आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. सरकारी कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरच्या स्त्रियांची हाताने तपासणी व्हायची असते : आशा कार्यकर्ती फॉर्म भरते, नर्सबाई किंवा समुदाय आरोग्य अधिकारी तपासते आणि गाठ लागली तर पुढे पाठवते. हे काम कमी मोलाचे नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मधल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांत मिळून झालेली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही.

गाठ सापडल्यावर पुढे कुठे जायचे, हे रस्ता आणि रेल्वे ठरवते. डहाणूची बाई कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, सासवंदच्या वेदांता वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लोकलने मुंबईला जाते. तलासरीच्या बाईला महामार्गावरून वापी, वलसाड किंवा सिल्व्हासाचे विनोबा भावे रुग्णालय जवळ पडते. एकाच गाठीचे कागद दोन राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात विखुरतात. बहुतेक ठिकाणी पहिली तपासणी बारीक सुईची, म्हणजे एफएनएसी. ती स्वस्त आणि झटपट आहे, गाठ कर्करोगाची आहे का या प्रश्नाला चांगले उत्तर देते. मात्र सुईने सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी येत नाही. अॅटिपियाचे निदान मांडणीवर उभे असते, खंडिका आकसल्या का हेही सुट्या पेशींत दिसत नाही. ज्या पायावर हे सगळे संशोधन रचले आहे तोच इथे बहुतेक वेळा हाती येत नाही. एक अपवाद उल्लेखण्याजोगा आहे. कॅन्ससच्या कॅरल फेबियन यांनी २००० मध्ये ४८० जास्त धोक्याच्या स्त्रियांच्या स्तनातून सुईनेच पेशी काढून तपासल्या आणि त्या पेशींतला अॅटिपिया पुढच्या काही वर्षांतला कर्करोग सूचित करतो असे दाखवले. सुईची सवय असलेल्या भागात ही वाट अधिक जवळची ठरू शकते, आणि तिचा इथे विचार व्हायला हवा.

जेव्हा गाठ शस्त्रक्रियेने काढली जाते तेव्हाही ती जपली जाईलच असे नाही. नमुना लगेच फॉर्मलिनमध्ये, पुरेशा प्रमाणात, ठरलेल्या तासांसाठी ठेवावा लागतो. किनाऱ्यावरच्या दमट उन्हाळ्यात तो सलाइनमध्ये किंवा अपुऱ्या फॉर्मलिनमध्ये पडून राहिला तर प्रथिने बिघडतात, डीएनए तुटतो, आणि पुढे कितीही महागडी चाचणी केली तरी तिला वाचायला काही उरत नाही. ‘साधीच गाठ आहे’ म्हणून नमुना तपासायला न पाठवणे हे त्याहून मोठे नुकसान.

निदान मिळाले तर करता येण्यासारखे पुष्कळ आहे. १९९८ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या पी-१ चाचणीत १३,३८८ जास्त धोक्याच्या स्त्रियांत टॅमॉक्सिफेनने पसरणारा कर्करोग ४९ टक्क्यांनी घटवला. अॅटिपियाचा इतिहास असलेल्यांत घट ८६ टक्के होती. २०१९ मध्ये इटलीतल्या आंद्रेआ देचेन्सी यांनी ५०० स्त्रियांवर दाखवले की रोज २० ऐवजी ५ मिलिग्रॅम, आणि तेही तीनच वर्षे, दिले तरी नव्याने उद्भवणारा आजार निम्म्यावर येतो. गोळी जुनी आणि स्वस्त आहे; गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या हे तिचे धोके कमी मात्रेत घटतात. साध्या फायब्रोअॅडिनोमाला किंवा सिस्टला मात्र हे औषध द्यायचे नसते. अशा स्त्रीला हवा असतो तो स्पष्ट शब्दांतला दिलासा, आणि गाठ वाढली, कडक झाली, कातडी ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले तर पुन्हा येण्याची सूचना.

पालघरच्या आदिवासी पाड्यांवर रेणवीय चाचणी पोहोचूच शकत नाही, असे म्हणता येत नाही. सिकलसेलची तपासणी तिथे पोहोचली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तिला आणखी बळ दिले. फरक असा की सिकलसेल एका जनुकातल्या एका बदलाने होतो आणि तो जन्मापासून ठरलेला असतो. स्तनातला धोका अनेक बदलांचा, संप्रेरकांचा आणि काळाचा मिळून बनतो. त्याला एकदाच घेतलेले रक्त पुरत नाही. ऊती लागते, आणि त्या बाईचा पंधरा-वीस वर्षांचा पाठपुरावा लागतो. दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे आणि गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे घरधनी असलेल्या भागात हा पाठपुरावा हेच सर्वांत अवघड काम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत आहे आणि मुंबईची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था त्याची मार्गदर्शक आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या अॅक्ट्रेक या संशोधन संस्थेत जनुकीय तपासणीची क्षमता आहे. वारली बोलीत समजावून घेतलेली संमती, पाड्यातल्या आशा कार्यकर्तीकडे राहणारी नोंद, सीमेपलीकडच्या रुग्णालयांशी कागदांची देवाणघेवाण आणि प्रत्येक काढलेल्या बिनाइन गाठीचा नीट जपलेला ब्लॉक, एवढ्यावर असा अभ्यास उभा राहू शकतो. त्या ब्लॉकसोबतच्या कागदावर वय, पाळीची स्थिती, पहिल्या बाळंतपणाचे वय, मुलांची संख्या, अंगावर पाजल्याचे महिने आणि घरात कोणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला होता का, या गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. अहवालात पॅथॉलॉजिस्टने वाढ आहे की नाही, अॅटिपिया आहे की नाही, आणि खंडिका किती आकसल्या आहेत हे नोंदवावे लागते.